पांढऱ्यावर पाय नको

तुम्ही सकाळी पळता ना? मग एवढं सांगा: बागेच्या मागच्या फाटकातून डोंगरावर चढणाऱ्या वाटेवर तुमचा पाय आजवर मुरगळला नाही, तो कुणाच्या कृपेने? बुटांच्या? त्या मनगटावरच्या घड्याळाच्या, जे तुमचं काळीज किती वेळा धडधडलं ते मोजतं आणि तुम्ही ते चारचौघांना दाखवत फिरता? की उपाशीपोटी कोमट पाणी पिता म्हणून?

नाही ना सुचलं उत्तर? सुचणारही नाही. वाट आपोआप होते असं तुम्ही धरूनच चालता. नळाला पाणी आपोआप येतं, दाराबाहेरचा कचरा आपोआप जातो, तशी डोंगरावर वाटही आपोआप उगवते, गवतासारखी. वा रे वा.

ती वाट एका बाईने केली आहे. डोंगरापलीकडच्या वस्तीतले लोक तिला चुनेवाली म्हणतात. बागेच्या हजेरीपटावर ती 'सफाई, तात्पुरती' आहे, आणि हे तात्पुरतं एकोणीस वर्षं चालू आहे. पळणारे तिला मावशी म्हणतात. "मावशी, बाजूला!" एवढंच. "यांच्या सख्ख्या मावश्यांचं काय होत असेल गं," असं ती सुनेला म्हणते. "दारात उभी राहिली की ढकलूनच देत असतील."

वय सत्तावन्न. अंगाने आखूड आणि रुंद, निम्मा जमिनीत पुरलेल्या दगडासारखी. आवाज असा, की बागेच्या पुढच्या फाटकात बोलली तर मागच्या फाटकातली कुत्री उठून बसतात. राहते बागेच्या भिंतीला लागून असलेल्या दोन खोल्यांत. घरधनी शिवणयंत्रं दुरुस्त करतो आणि दिवसाला दहा शब्द बोलतो, त्यातले नऊ म्हणजे तीनदा 'स्क्रू कुठे गेला'. मुलगा लांब पल्ल्याच्या ट्रकवर. सून औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असते. सासू-सुनेचं भांडण होत नाही, कारण दोघींनाही भांडायला बाहेर भरपूर गिऱ्हाइकं आहेत.

एकोणीस वर्षांपूर्वी त्या फाटकापलीकडे वाट नव्हतीच. पाण्याने कोरलेला एक ओघळ होता. वस्तीतल्या बायका-बाप्ये त्यातूनच घसरत शहरात कामाला यायचे: दवाखान्यात फरशा पुसणाऱ्या, दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या, एक बेकरीवाला, दोन पहारेकरी. मोठ्या रस्त्याने आलं तर दीड तास, डोंगरावरून पाऊण. रोज कुणाचा ना कुणाचा गुडघा फुटलेला. चुनेवालीला बागेत झाडू दिला होता, पण झाडून झाल्यावर बसून राहायचा तिचा पिंड नाही. ती एक दिवस पहार घेऊन फाटकाबाहेर गेली आणि पहिला दगड बसवला. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी अडवलंही नाही, कारण अडवायला तिथपर्यंत चढावं लागलं असतं.

चौदा वळणं आहेत त्या वाटेला. एकेक वळण म्हणजे एकेक वर्ष म्हणा, वर पाच वर्षं डागडुजीची. ती वाट कशी राखते तेही ऐकून ठेवा, पुढे उपयोगी पडेल. खालून वर चढताना प्रत्येक पायरीच्या कडेवर ती डाव्या पायाची टाच दाबते. दगड गप्प राहिला तर पुढे. 'डुक' असं बोलला तर तो सुटलेला. मग पहारेने त्याला उचलायचं, खाली बारीक दगडांच्या पाचरी ठोकायच्या, परत टाच. पण एका फेरीत सगळे दगड होत नाहीत. जे राहिले त्यांच्यावर ती चुन्याचा एक फराटा ओढते. डब्याला तारेची कडी, आणि कुंचला म्हणजे उसवलेल्या दोरखंडाचं टोक. दगड पक्का झाला की फराटा घासून काढायचा. बस्स.

म्हणजे पांढरं म्हणजे काम बाकी. पांढरं म्हणजे हलतो. पांढऱ्यावर पाय नको.

चुनाच का? कारण वस्तीतले लोक उजाडायच्या आत उतरतात, आणि अंधुकात दुसरं काही दिसत नाही. ज्यावर पाय द्यायचा नाही तेच तेवढं दिसावं, बाकी सगळं भरवशाचं. एकोणीस वर्षांत वस्तीतल्या एकालाही हे समजावून सांगावं लागलेलं नाही. बेकरीवाल्याला स्वतःचं नाव लिहिता येत नाही, पण त्याने चुन्याचा फराटा कधी चुकीचा वाचलेला नाही.

मग आले शिकलेले.

आधी ते बागेतच गोल गोल पळायचे, घाण्याला जुंपल्यासारखे. पुढे त्यांना गोलाचा कंटाळा आला. चढ पाहिजे झाला. कुणालातरी मागचं फाटक दिसलं आणि वरती वाट दिसली, आणि झालं, 'शोध' लागला. वस्तीतले लोक रोज दोनदा जिच्यावरून जातात तिचा शोध! त्यांनी क्लब काढला. त्याचा पुढारी होता कप्तान. आगबोटीचा नव्हे, क्लबचा. धंदा फ्लॅट विकायचा. पोपटी बूट, गळ्यात शिट्टी, आणि बोलताना जागच्या जागी उड्या मारायची खोड, लघवी लागल्यासारखी. त्याने पहिल्यांदा काय केलं, तर वाटेला 'वाट' म्हणायचं बंद केलं. ट्रेल म्हणायला लागला. बरोबरच आहे. वाट म्हटली की फुकटची वाटते. ट्रेल म्हटलं की आधी बूट घ्यावे लागतात, मग बाटली लावायचा पट्टा, मग क्लबचं सभासदत्व, आणि सगळ्यात शेवटी त्याच ट्रेलपासून चार मिनिटांवरचा फ्लॅट.

तरीही चुनेवालीने तोंड उघडलं नाही. पळतायत, पळू देत. पाय आहेत तर झिजवतील. ती बाजूला व्हायची, ते जायचे, आणि त्यांनी उडवलेली माती ती पुन्हा भरायची.

बिघडलं ते पहारेपायी.

बागेच्या अधीक्षकांच्या, म्हणजे साहेबांच्या, कपाटाची किल्ली हरवली. कुलूप तोडायला शिपाई चुनेवालीची पहार घेऊन गेला. "दहा मिनिटांत आणून देतो." कुलूप तुटलं, पहार परत आली नाही. आठवडा गेला. तिने विचारलं, तर "अर्ज करा." सुनेने अर्ज लिहून दिला. विषय: पहार परत मिळणेबाबत. पोच घेतली, शिक्का मारून. दोन आठवड्यांनी दुसरा अर्ज, दुसरा शिक्का. पाचव्या आठवड्यात तिसरा.

पहार नाही म्हणजे दगड बसवता येत नाहीत. सुटायचे ते सुटतच राहिले. ती रोज टाच दाबत वर जायची, 'डुक' ऐकायची आणि चुन्याचा फराटा ओढून पुढे व्हायची. एरवी अख्ख्या वाटेवर सहा-सात पांढरे दगड असायचे. सातव्या आठवड्यात मोजले तर त्रेसष्ट. डोंगराला कोड फुटल्यासारखं दिसायला लागलं.

आणि क्लबचे लोक खूश! एका संध्याकाळी सून दुकानातून आली ती फोन नाचवतच.

"आई, तुमची वाट प्रसिद्ध झाली."

"कुणाच्या बापाची?"

"ऐका तर. 'व्हाइट स्टोन ट्रेल. बाग ते शिखर, चौदा वळणं. रविवारी शर्यत. जाताना-येताना पांढऱ्या खुणांच्या दगडांवरूनच पळावं, म्हणजे रस्ता चुकणार नाही.' खाली चारशे अंगठे."

चुनेवाली पीठ मळत होती. तिचे हात थांबले. "परत वाच."

सुनेने परत वाचलं.

"पांढऱ्यावरून?"

"पांढऱ्यावरूनच. 'च' आहे."

कोपऱ्यातून घरधन्याने शिवणयंत्रातून डोकं वर काढलं. "मरतील," तो म्हणाला. हा त्या दिवसाचा दहावा शब्द.

"मग पुसून टाका ना चुना," सून म्हणाली. "उद्या शनिवार आहे. दोघी जाऊ, तासाभरात होईल."

"पुसू? आणि परवा उजाडायच्या आत वस्तीतली बाई उतरेल, तिने कशाच्या भरवशावर पाय टाकायचा? क्लबवाल्यांचा पाय वाचावा म्हणून तिचा मोडू?"

उत्तर एकच होतं, कप्तानाला सांगायचं.

शनिवारी दुपारी तो बागेत झाडांना फलक बांधत होता. म्हणजे दुसरे बांधत होते, तो शिट्टी वाजवत होता.

"अहो दादा, त्या पांढऱ्या दगडांवरनं नका पळवू माणसं. ते हलणारे दगड आहेत. म्हणून तर चुना लावलाय."

"मावशी! या, या. तुम्हीच का त्या? फार सुंदर मार्किंग केलंय तुम्ही."

"मार्किंग नाही ते. सुटलेत ते दगड. पांढरा सोडून काळ्यावर पाय टाकायला सांगा."

"मावशी, आता रूट फायनल झालाय. नकाशे छापलेत." जागच्या जागी दोन उड्या. "आणि आमची माणसं ट्रेन्ड आहेत, त्यांना सवय असते अशा सरफेसची. तुम्ही काळजी करू नका. ए, मावशींना एक टी-शर्ट दे रे, एक्सेल."

टी-शर्ट दिला. त्यावर लिहिलं होतं, 'वाट आपली, वेग आपला'. तिने तो तिथेच उलटा केला आणि हाताचा चुना पुसला. चांगला टिपतो कपडा, एवढं खरं.

रविवारी ती पहिला धावणारा निघायच्या आधीच सातव्या वळणावर जाऊन उभी राहिली. तिथे एक मोठा कातळ मधोमध फुटलेला आहे, आणि त्याच्या खालच्या पाच पायऱ्यांपैकी चार पांढऱ्या होत्या. हातात झाडू, कारण दुसरं हत्यार तिला कुणी ठेवलंच नव्हतं. वर चढताना माणूस हळू असतो, त्यामुळे जाताना सगळे निभावले. खरी गंमत उतरताना असते. दोनशे माणसं उतारावर सुटलेली, अंगात रंगीबेरंगी कपडे, कानात बोंडं खुपसलेली, त्यात गाणी चालू.

"पांढऱ्यावर नको!" ती ओरडली. "काळ्यावर पाय! काळ्यावर!"

त्यांनी हात हलवले. "थँक्यू मावशी!"

"अरे मेल्यांनो, हलतो तो दगड! बाजूनं या!"

एकाने अंगठा दाखवला. एक बाई टाळ्या वाजवत गेली. एक जण तर थांबला, तिच्या खांद्यावर हात टाकून स्वतःचा फोटो काढला आणि पुन्हा पळाला. त्यांना वाटलं ती हुरूप देतेय! डोंगरावर एक बाई झाडू आपटत घसा फाडून ओरडतेय, चेहरा लाल, आणि हे समजतात आपलं कौतुक चाललंय. माणसाला लहानपणापासून फक्त टाळ्याच ऐकवल्या की असं होतं. शिवीसुद्धा टाळीसारखी ऐकू येते.

तिसऱ्या पांढऱ्या पायरीवर दातांची डॉक्टर पडली. तरुण बाई, शहरात स्वतःचा दवाखाना. दगड 'डुक' म्हणाला, बाई हवेत गेली, आणि खाली आली तेव्हा घोटा भलतीकडे बघत होता. मागून येणारे दोघे तिला चुकवायला गेले ते चौथ्या पांढऱ्यावर. एकाचं मनगट, दुसऱ्याचे पुढचे दात. म्हणजे गिऱ्हाईक डॉक्टरीणबाईंच्याच शेजारी येऊन पडलं, पण बाई काही कामाच्या स्थितीत नव्हत्या.

चुनेवालीने झाडूचा दांडा मोडून कंबरेला खोचलेल्या त्या टी-शर्टाने घोट्याला बांधला. "वाट आपली" आतल्या बाजूला गेलं, "वेग आपला" वर राहिलं. वस्तीतले दोघे वरून येत होते, त्यांनी डॉक्टरणीला उचललं आणि उतरवलं. काळ्यावर पाय ठेवत. एकदाही न डगमगता.

संध्याकाळपर्यंत क्लबच्या फोनवर पंचायत बसली. सून एकेक वाचून दाखवत होती.

"'चुकीच्या खुणा करणाऱ्यावर कारवाई झालीच पाहिजे.' 'हा निष्काळजीपणा आहे.' आणि हे बघा, आई, कप्तान म्हणतोय, 'बागेने आपल्याला चुना लावला.'"

चुनेवालीला हसू आवरेना. "लावला होता की गं! त्रेसष्ट ठिकाणी लावला होता! डोळे उघडून बघितला असता तर घोटा शाबूत राहिला असता."

पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. बुधवारी साहेबांच्या खोलीत चौकशी लागली. शिपायाने आधीच कानात सांगितलं होतं की कागद तयार आहे. सही केली तर नोकरी राहील, पुढच्या फाटकाच्या मुतारीवर. नाही केली तर घरी. दोन्हीकडून वाट हातची जाणार होती. ती त्या रात्री सुनेला एवढंच म्हणाली, "मुतारी धुईन गं. कुणीतरी धुतेच. पण मी चुकीची खूण केली असं लिहून देणार नाही. उद्या वस्तीतलं माणूस त्या फराट्यावर विश्वास कसा ठेवेल?"

साहेबांची खोली गरम. खिडकी जुनी, खालून वर सरकवायची, आणि वर राहत नाही म्हणून खाली काहीतरी टेकू दिलेला. टेबलाच्या एका बाजूला कप्तान, पोपटी बूट घालूनच. शेजारी डॉक्टरीण, पाय प्लास्टरमध्ये, खुर्चीवर ठेवलेला. चुनेवालीला खुर्ची नव्हती. तिने मागितलीही नाही.

"बाई," साहेब म्हणाले, "तुमच्या खुणांमुळे तीन माणसं जखमी झाली. इथे सही करा, विषय संपवू."

"काय लिहिलंय?"

"'मी चुकीच्या ठिकाणी खुणा केल्या.'"

"खुणा बरोबर होत्या, साहेब. वाचणारे चुकले."

कप्तान उसळला. "पांढरी खूण म्हणजे रस्ता! जगात कुठेही जा. कॉमन सेन्स आहे."

"जगात कुठेही जाऊन आलात, माझ्याकडं तेवढं आला नाहीत. आणि शनिवारी मीच आले होते तुमच्याकडं, तर सदरा दिलात."

"मला असं काही आठवत नाही."

"मला आठवतंय," डॉक्टरीण मध्येच म्हणाली. तिला क्लबने आणलं होतं बागेच्या विरोधात बोलायला, आणि बिचारी खरंच बोलायला लागली. "म्हणजे शनिवारचं नाही. रविवारचं. या बाई ओरडत होत्या, 'पांढऱ्यावर नको.' मी स्पष्ट ऐकलं. गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मध्ये."

"मग?" साहेबांनी विचारलं.

"मला वाटलं ते काहीतरी प्रोत्साहन आहे. इकडच्या बोलीतलं."

कप्तानाच्या उड्या थांबल्या, तो खुर्चीत बसला.

चुनेवालीने सुनेने दिलेले तीन कागद टेबलावर ठेवले. शिक्के वर करून. "आणि एवढे दगड पांढरे का राहिले, तेही लिहा. पहार नव्हती म्हणून. हे तीन अर्ज."

साहेबांनी कागद उचलले, शिक्के बघितले, कपाळ पुसलं. "बाई, पहारेचा शोध चालू आहे. कार्यालयीन वस्तू आहे, सापडेपर्यंत…"

चुनेवाली त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती त्यांच्या मागे. खिडकीला टेकू दिलेला होता तिकडे. टोक जरासं डावीकडे वाकलेलं, मधल्या पकडीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. ती पट्टी तिने स्वतःच्या हाताने गुंडाळली होती. सात आठवडे डोंगर सुटत होता, घोटे मोडत होते, दात पडत होते, कशासाठी? तर साहेबांना वारा लागावा म्हणून!

ती टेबलाला वळसा घालून गेली आणि पहार काढून घेतली. खिडकी धाडकन खाली आली. कप्तान खुर्चीतून असा उडाला, की शर्यतीतसुद्धा एवढा उडाला नसेल.

"सापडली," ती म्हणाली. "शोध थांबवा."

आणि सही न करता निघून गेली.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, न्याय झाला. कुठल्या गावात राहता? हुकूम आठवड्याने आला. तिला कामावरून काढलं नाही, कारण काढायचं तर पहारेचं लिहावं लागलं असतं, आणि पहारेचं लिहायचं तर खिडकीचंही. पण बदली पुढच्या फाटकाच्या मुतारीवर. आणि वाट? 'सुशोभीकरणासाठी' कंत्राटदाराकडे. क्लबच्या सल्ल्याने.

सल्ला काय होता ते ऐका, आणि हसू आलं तर माझ्यासमोर हसू नका. कंत्राटदाराच्या माणसाने विचारलं, बाण कुठे रंगवू? क्लबने त्याला छापलेला नकाशा दिला. नकाशा तोच! त्याने इमानदारीत, एकही न चुकवता, त्रेसष्ट सुटलेल्या दगडांवर पिवळे बाण काढले. चुन्याच्या वर. पक्क्या ऑइलपेंटने. चुना पावसाने धुतो, बाईने घासला की जातो. हे जात नाही. एका पिढीची चूक दुसऱ्या पिढीला कळावी म्हणून शिलालेख कोरतात, तसे. वाटेची वाट लावणं म्हणतात ते हे.

त्या दिवशी सून म्हणाली, "आई, आता सोडा. तुमचं काम नाही ते आता."

"पगाराचं नाही," ती म्हणाली, आणि डबा शोधायला लागली.

मुतारी सातला उघडते. ती साडेपाचला मागच्या फाटकात असते. पहार, पाचरी, चुन्याचा डबा. कुणाच्या यादीत नाही, कुणाच्या परवानगीत नाही. रोज एक दगड, कधी दोन. टाच दाबते, उचलते, पाचरी ठोकते, परत टाच. जो दगड पक्का झाला त्याचा पिवळा बाण तसाच राहू देते, कारण आता तो खरा झाला. जो राहिला त्याच्या बाणावर चुन्याचा फराटा. वस्तीतल्या लोकांना हेही सांगावं लागलं नाही. पहिल्याच पहाटे बेकरीवाला वरून उतरला, पिवळ्यावर पांढरं बघितलं आणि पाय उचलून पलीकडे टाकला. "रंग बदलला वाटतं," एवढंच म्हणाला.

"रंग त्यांचा बदलला, बाबा. अक्षर माझंच आहे."

आणि क्लब? क्लब पुन्हा पळतोय. कप्तानाने फोनवर लिहिलं की नवीन बाणांमुळे ट्रेल पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित झालाय. सातशे अंगठे. खोटं नाही म्हणता येत. रोज एका दगडाने होतोच आहे. कुणाच्या हाताने, ते लिहायला जागा पुरली नसेल.

एक फक्त डॉक्टरीण. महिन्याभराने ती काठी टेकत मुतारीपाशी आली. चुनेवाली पाइपने फरशी धूत होती.

"मावशी," डॉक्टरीण म्हणाली, "मला त्या खुणा शिकवाल?"

"शिकायला काय आहे त्यात? हलतो त्याला पांढरं." तिने पाइप बंद केला. "आणि माणूस ओरडत असेल तर थांबायचं. ते अवघड आहे तुम्हा लोकांना, सावकाश जमेल."

डॉक्टरीण हसली नाही. बरं केलं.

आजच्या सकाळपर्यंत एक्केचाळीस दगड बसलेत. बावीस बाकी आहेत. सातव्या वळणावरचे दोन त्यातच आहेत, कारण ते एकट्या बाईच्याने उचलत नाहीत आणि दुसरा हात तिला कुणी दिलेला नाही. तुम्ही उद्या पळायला जाणारच. जा. घड्याळ घाला, बूट घाला, पाणी प्या. पण पिवळ्या बाणावर पांढरा फराटा दिसला तर पाय दुसरीकडे टाका. आणि फुटक्या कातळापाशी एक बुटकी बाई पहार घेऊन ओरडताना दिसली, तर हात हलवू नका, टाळ्या वाजवू नका, फोटो काढू नका. थांबा, कानातली बोंडं काढा, आणि दगडाचं दुसरं टोक धरा.